तांबं, गॅडोलिनियम आणि काय-टीचा आलेख : वाचकांचे प्रश्न

एकाच रेणूत दोन वेगळ्या धातूंचे अणू बसवून तयार केलेल्या चुंबकांबद्दल या वेळी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. काही पत्रांत त्यांना ‘मिश्रधातू चुंबक’ म्हटलंय. तो शब्द टाळावा. मिश्रधातू म्हणजे पितळ, कासं. इथं धातू एकत्र वितळवलेले नसतात. रेणूत त्यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि मधे ऑक्सिजन किंवा नायट्रोजनचा पूल असतो.

उत्तरांत येणारी अक्षरं अशी : एस म्हणजे स्पिन, जी म्हणजे जी-फॅक्टर, जे म्हणजे दोन अणूंमधल्या कपलिंगचा आकडा. काय-टी म्हणजे मोलर ससेप्टिबिलिटी (चुंबकक्षेत्रात एक मोल पदार्थ किती चुंबकित होतो त्याचं माप) गुणिले तापमान. त्याचं एकक घन सेंमी-केल्विन प्रति मोल, ते पुढं दर वेळी लिहिलेलं नाही. ऊर्जा ‘प्रति सेंमी’मध्ये आहे आणि त्या मापात बोल्ट्झमन स्थिरांक ०.६९५ येतो.

प्रश्न : सर, माझ्या प्रकल्पात एक तांबं आणि एक गॅडोलिनियम असलेला रेणू आहे. मोजणीचा आलेख बाहेरून करून आला. आता त्याचं ‘मॉडेलिंग’ कर असं मार्गदर्शकांनी सांगितलंय. कोणतं सॉफ्टवेअर शिकू?
(एम.एस्सी. विद्यार्थिनी, भुसावळ)

सॉफ्टवेअर आठ दिवसांनी घ्या. तुमचा रेणू इतका सोयीचा आहे की सगळा हिशेब एक्सेलच्या तीन रकान्यांत बसतो. तो एकदा हातानं केलात की पुढं सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर देत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

आधी दोन टोकांचे आकडे काढा. एका स्पिनचा काय-टी म्हणजे जीचा वर्ग भागिले ८, गुणिले एस(एस+१). तांब्याचं स्पिन १/२ आहे. जी २ धरला तर ०.३७५ येतात. गॅडोलिनियमचं स्पिन ७/२, त्याचे ७.८७५. दोघं एकमेकांकडे लक्षच देत नसतील तर बेरीज ८.२५. खूप तापमानाला आलेख इथं टेकायला हवा. आता ते जोडले गेले तर एकूण स्पिन ४ होईल (दोघं एका दिशेनं) किंवा ३ (विरुद्ध दिशेनं). स्पिन ४ चा काय-टी १०.० आणि स्पिन ३ चा ६.०. म्हणजे थंड करताना आलेख ८.२५ च्या आसपासून १० कडे चढला तर कपलिंग फेरो, ६ कडे उतरला तर अँटिफेरो. मोजलेला आलेख या चौकटीतच बसत नसेल तर मॉडेलला हात लावू नका, नमुना तपासा.

मधला भाग भरायला हॅमिल्टोनियन, म्हणजे कपलिंगच्या ऊर्जेचं सूत्र, लागतो : उणे जे गुणिले (एस१·एस२). यातून स्पिन ४ आणि स्पिन ३ या पातळ्यांमधलं अंतर बरोबर ४ जे येतं. स्पिन ४ च्या पातळीत ९ अवस्था, स्पिन ३ च्या पातळीत ७. प्रत्येक तापमानाला कुठल्या पातळीवर किती रेणू बसलेत एवढंच मोजायचं. सूत्र असं :

काय-टी = (९० + ४२ क्ष) ÷ (९ + ७ क्ष), आणि क्ष = ई चा घात [−४ जे ÷ (०.६९५ × तापमान)]

पहिल्या रकान्यात तापमान, दुसऱ्यात क्ष, तिसऱ्यात काय-टी. जे ५ प्रति सेंमी ठेवून पाहा : ३०० केल्विनला ८.३४, १०० ला ८.५३, ५० ला ८.७८, १० ला ९.८३ आणि ५ ला ९.९९. एवढे पाच आकडे तुमच्या एक्सेलमध्ये जुळले की सूत्र बरोबर बसलं समजा. मग जे बदलत जा आणि आलेख कुठं वाकतो ते पाहा. तीनशे केल्विनलाही आकडा ८.२५ नाही, ८.३४ आहे, हेही टिपून ठेवा. छोटं कपलिंगसुद्धा खोलीच्या तापमानाला थोडं दिसतं.

तांब्याचा जी बहुधा २.१ च्या आसपास असतो, गॅडोलिनियमचा २.०० धरला तर चालतं. ते वेगळे ठेवायचे असतील तर स्पिन ४ साठी (७ जी-गॅडोलिनियम + जी-तांबं) ÷ ८ आणि स्पिन ३ साठी (९ जी-गॅडोलिनियम − जी-तांबं) ÷ ८ असे दोन जी घ्या. २.१ आणि २.० घातले तर २.०१२५ आणि १.९८७५ येतात. फरक किरकोळ आहे. पण तांब्याच्या जागी मोठ्या स्पिनचा धातू आला की तो किरकोळ राहत नाही.

तांबं-गॅडोलिनियम जोडी बहुतेक वेळा फेरोच का निघते, असंही तुम्ही विचारलंय. १९८५ साली बेन्सिनी, गट्टेस्की आणि सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा दाखवलं. नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण असं की तांब्याच्या अयुग्म इलेक्ट्रॉनचा थोडा अंश गॅडोलिनियमच्या रिकाम्या ५डी कक्षेत जातो. तिथं तो खालच्या सात ४एफ इलेक्ट्रॉनांना समांतर राहणं पसंत करतो. एकाच अणूत समांतर स्पिन स्वस्त पडतात, हा हुंडचा नियम तुम्ही बी.एस्सी.लाच शिकलात.

प्रश्न : एकाच तांबं-गॅडोलिनियम रेणूसाठी माझा जे २.५ आला, माझ्या मैत्रिणीचा ५, आणि एका शोधनिबंधात तशाच रेणूला उणे ५ दिलाय. चूक कोणाची?
(संशोधक विद्यार्थिनी, जळगाव)

बहुधा कोणाचीच नाही. हॅमिल्टोनियन लिहायच्या तीन पद्धती चालतात : उणे जे, उणे २ जे आणि अधिक जे. फाय हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम उणे २ जे धरतो. मॅटलॅबवर चालणारा इझीस्पिन अधिक जे धरतो. बरेच रसायनशास्त्रज्ञ कागदावर उणे जे लिहितात. त्यामुळे एकच रेणू २.५, ५ आणि उणे ५ असा तिन्ही आकड्यांनी दिसतो. त्यात कोणी केल्विनमध्ये लिहिलं तर १ प्रति सेंमी म्हणजे १.४३९ केल्विन, तेव्हा ५ चे ७.२ होतात.

उपाय सोपा. जे लिहिताना त्याच ओळीत हॅमिल्टोनियन आणि एकक लिहा. तुलना करायची असेल तर जेची करू नका, दोन पातळ्यांमधल्या अंतराची करा. तुमच्या रेणूत ते अंतर २० प्रति सेंमी आहे, कोणत्याही पद्धतीनं लिहिलं तरी. नवा प्रोग्रॅम हातात आला की आधी वरचे पाच आकडे त्याच्याकडून काढून घ्या, चिन्ह आणि २ चा गुणक दोन्ही तिथंच पकडले जातात.

प्रश्न : मँगनीज–तांबं–मँगनीज अशा सरळ रेणूत काय-टी आधी खाली आणि मग जोरात वर जातो. वर गेला म्हणजे फेरो, असं प्रबंधात लिहिलं तर चालेल ना?
(संशोधक विद्यार्थी, अमळनेर)

नाही चालणार. ही चूक खूप जण करतात, आणि ती करू नये म्हणून हे उत्तर जरा लांबवतोय. तुमचा रेणू अँटिफेरो आहे, आणि म्हणूनच काय-टी शेवटी वर जातो.

मँगनीज(२) चं स्पिन ५/२. दोन मँगनीज आणि मधे एक तांबं, न जोडलेले असतील तर ४.३७५ + ४.३७५ + ०.३७५ = ९.१२५. तांबं दोन्ही मँगनीजना उलटं राहायला भाग पाडतं. तांब्याला दोघंही उलट, म्हणजे दोघं मँगनीज एकमेकांना समांतर! त्यामुळे तळाच्या पातळीचं स्पिन ५/२ + ५/२ − १/२ = ९/२ होतं. त्याचा काय-टी १२.३७५, न जोडलेल्या बेरजेपेक्षा बराच जास्त. मग मधे आलेख खाली का जातो? कारण तळाच्या वर लगेच ७/२, ५/२, ३/२, १/२ अशा लहान स्पिनच्या पातळ्या आहेत आणि मोठ्या स्पिनच्या पातळ्या (११/२ सह) सगळ्यात वर अडकल्या आहेत. मध्यम तापमानाला रेणू त्या लहान स्पिनच्या पातळ्यांत पसरतात आणि सरासरी घसरते.

या रेणूचा हिशेबही हातानं होतो, १९५० सालच्या कांबे पद्धतीनं. दोन्ही मँगनीजचं मिळून स्पिन एम धरा (० ते ५), मग त्यात तांब्याचा अर्धा मिळवा किंवा वजा करा. उणे जे पद्धतीत मिळवलेल्या पातळ्यांची ऊर्जा −जे × एम ÷ २ आणि वजा केलेल्यांची +जे × (एम+१) ÷ २. एकूण अकरा पातळ्या. जे उणे ३० प्रति सेंमी घातला तर तळ ते पहिली पातळी अंतर १५ आणि तळ ते माथा १६५. काय-टी असा येतो : ३०० केल्विनला ८.६२, १२०-१३० च्या दरम्यान ८.४ च्या जरा खाली म्हणजे तळ, मग २० ला १०.९ आणि ५ ला १२.३. तुमच्या आलेखाचा तळ कोणत्या तापमानाला आहे ते पाहा. जे दुप्पट झाला तर तळही दुप्पट तापमानाला सरकतो, म्हणून नुसत्या तळाच्या जागेवरून जेचा पहिला अंदाज मिळतो.

एक अट मात्र लक्षात असू द्या. यात दोन मँगनीजमधलं थेट कपलिंग शून्य धरलंय. ते लांब असतील तर ठीक. रेणू वाकलेला असेल आणि दोघांमधे आणखी एखादा पूल असेल तर दुसरा जे घालावा लागेल.

प्रश्न : आमच्या तांबं-गॅडोलिनियमच्या नमुन्याचा काय-टी खोलीच्या तापमानालाच ९.४ आला. पुस्तकी आकडा ८.२५ च्या आसपास. जी २.१३ ठेवला की आलेख जुळतो. ठेवू का?
(प्राध्यापक, पदवी महाविद्यालय, शिरपूर)

सर, कृपा करून ठेवू नका. गॅडोलिनियमचा जी २.०० च्या आसपास असतो. त्याला कक्षीय कोनीय संवेग नाही, म्हणून तो हलत नाही. मॉडेलमधला जी वाढवून तुम्ही वजनाची चूक झाकताय.

स्फटिकातला द्रावक तपासा. समजा स्फटिकात रेणूमागे तीन मिथेनॉल होते आणि रेणुभार ८०० धरला. मिथेनॉल उडून गेलं असेल तर खरा रेणुभार ८०० − ९६ = ७०४. तुम्ही मोल कमी मोजले, म्हणून काय-टी ८०० ÷ ७०४ पटीनं फुगला : ८.२५ चे ९.३७. तुमचा आकडा तोच आहे. ओल्या कापसाचं वजन काट्यावर वेगळं आणि वाळल्यावर वेगळं, हे खानदेशात कोणाला सांगावं लागत नाही. इथं फक्त उलटं झालंय : वजन वाळल्याचं केलं आणि हिशेब ओल्याचा लावला.

आपल्याकडचा उन्हाळा या कामाला फार वाईट. एप्रिल-मेमधे पारा ४४-४५ अंशांवर, हवा कोरडी. मिथेनॉल किंवा डायक्लोरोमिथेन असलेला स्फटिक गाळणीवर काही मिनिटांत पांढुरका पडतो. स्फटिकरचना थंड प्रवाहात मोजलेली असते, तिथं द्रावक शाबूत असतो. चुंबकीय मोजणीला मात्र वाळलेली पूड जाते. म्हणून ज्या पुडीची चुंबकीय मोजणी झाली, त्याच बाटलीतून मूलद्रव्य-विश्लेषण आणि थर्मोग्रॅव्हिमेट्री (तापवताना वजन किती घटतं त्याची मोजणी) करून घ्या, आणि त्यातून येणारा रेणुभार वापरा.

दुसरी गोष्ट आयकोसेनची. पुडीचे कण मोठ्या चुंबकक्षेत्रात वळू नयेत म्हणून ते आयकोसेनमधे गोठवतात. हे मेण सुमारे ३७ अंशांना वितळतं. मे महिन्यात जळगावहून कुरिअरनं पाठवलेली कॅप्सूल वाटेत वितळून, कण मोकळे होऊन, वेड्यावाकड्या जागी पुन्हा गोठते. उन्हाळ्यात नमुना कोरडाच पाठवा आणि आयकोसेन मोजणीच्या ठिकाणी घालायला सांगा. नाहीतर पूड टेफ्लॉन टेपमधे घट्ट गुंडाळून दाबा. टेपचं आणि मेणाचं वजन लिहून ठेवा, दोघांचं डायामॅग्नेटिझम (क्षेत्राला दिलेला छोटा, उलटा प्रतिसाद) वजा करायचंय.

रेणूचं स्वतःचं डायामॅग्नेटिझमही विसरू नये. पास्कलच्या तक्त्यातून ते नीट काढता येतं. घाईचा अंदाज म्हणजे उणे अर्धा रेणुभार, दहाच्या उणे सहाव्या घातात. ८०० रेणुभाराला −४०० × १०⁻⁶. थोडकं वाटतं, पण ३०० केल्विनला गुणलं की ०.१२ होतात, म्हणजे दीड टक्का.

दीड टक्क्यानं काय बिघडतं? वरच्या सूत्रात जे ५ चा ६ करून ५० केल्विनचा आकडा काढा. ८.७८ चे ८.८८ होतात, जेमतेम एक टक्का. म्हणजे वजनात एक टक्का चूक आणि जेमधे वीस टक्के बदल, या तापमानाला दोन्ही सारखेच दिसतात. १५ मिलिग्रॅम नमुना चार दशांशांच्या काट्यावर तोलला तर शेवटच्या अंकाचीच चूक पाऊण टक्क्याजवळ जाते. शक्य असेल तर २५-३० मिलिग्रॅम घ्या. आलेखात ५० केल्विनच्या आसपास छोटा फुगवटा दिसला तर तो तुमच्या रेणूचा नाही, कॅप्सूलमधे अडकलेल्या हवेतल्या ऑक्सिजनचा आहे. ते बिंदू फिटमधून वगळा आणि वगळल्याचं लिहा.

प्रश्न : ५ केल्विनच्या खाली आमचा काय-टी अचानक पडतो. रेणूरेणूंमधलं अँटिफेरो कपलिंग घातलं की फिट सुंदर येतो. बरोबर ना?
(संशोधक विद्यार्थी, धुळे)

मोजणी किती टेस्लाला केली ते पत्रात नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. काय-टी म्हणताना आपण चुंबकन भागिले चुंबकक्षेत्र करतो. हा भागाकार ससेप्टिबिलिटी तेव्हाच असतो जेव्हा चुंबकन क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढतंय. स्पिन ४ च्या रेणूला २ केल्विनला १ टेस्लामधे ठेवलं तर चुंबकन ५.९५ बोर मॅग्नेटॉन (चुंबकनाचं एकक, पुढं ते लिहिलेलं नाही) येतं, आणि त्यातून काढलेला ‘काय-टी’ फक्त ६.६५. खरा १०.० आहे! कपलिंग काहीच नसताना एवढी घसरण. ०.१ टेस्लाला मोजलं तर चूक एका टक्क्याच्या आत राहते.

म्हणून १० केल्विनच्या खाली ०.१ टेस्ला किंवा त्याहून कमी क्षेत्र वापरा. मोठ्या क्षेत्रातलाच डेटा हातात असेल तर व्हॅन व्लेकचं सूत्र (वरचं काय-टीचं सूत्र त्यातूनच येतं) सोडा आणि प्रोग्रॅमला तेच क्षेत्र देऊन पूर्ण चुंबकन काढायला सांगा. फायमधे ती सोय आहे. त्यानंतरही घसरण उरली तर मग रेणूरेणूंमधलं कपलिंग, आणि निकेल किंवा मँगनीज(३) असेल तर त्यांचं झीरो-फील्ड विभाजन (क्षेत्र नसतानाही पातळ्यांचं फुटणं), यांचा विचार करा. दोन्हीचा परिणाम काय-टीवर सारखाच दिसतो, तेव्हा एका आलेखावरून त्यांत निवड करता येत नाही.

प्रश्न : चुंबकन विरुद्ध क्षेत्राचा आलेख ७ टेस्लाला ८ वर टेकला. म्हणजे तांबं-गॅडोलिनियम फेरो सिद्ध झालं?
(एम.एस्सी. विद्यार्थी, नंदुरबार)

नाही. २ केल्विन, ७ टेस्लाला जोडलेलं स्पिन ४ देतं ७.९८ आणि अजिबात न जोडलेले तांबं व गॅडोलिनियम मिळून देतात ७.९६. मोठं क्षेत्र सगळ्यांनाच ओढून एका दिशेला आणतं. फरक मधे आहे : १ टेस्लाला जोडलेलं ५.९५, न जोडलेलं ५.३१. ब्रिलुआँ फलनाचे (न जोडलेल्या स्पिनचं चुंबकन क्षेत्रानुसार देणारं सूत्र) हे दोन्ही वक्र तुमच्या बिंदूंसोबत एकाच आलेखावर काढा आणि ०.५ ते २ टेस्लाच्या पट्ट्यात बिंदू दाट घ्या.

अँटिफेरो असेल तर चित्र जास्त बोलकं असतं. तळ स्पिन ३ चा, तेव्हा चुंबकन आधी ६ कडे जातं. पण क्षेत्र वाढवत नेलं की स्पिन ४ ची सर्वांत खालची अवस्था उतरत येऊन स्पिन ३ ला छेदते. जे उणे १ प्रति सेंमी असेल तर अंतर ४, आणि जी २ असताना १ टेस्ला म्हणजे ०.९३४ प्रति सेंमी. छेद ४.३ टेस्लाला. तिथं ६ वरून ८ कडे पायरी चढते. २ केल्विनला ती पायरी बरीच विरघळलेली दिसते, ०.५ केल्विनला ठळक. जमल्यास चुंबकनाचा क्षेत्रानुसार उतार काढा, उताराचं शिखर पायरीपेक्षा सहज ओळखू येतं आणि त्यातून जे थेट मिळतो.

प्रश्न : गॅडोलिनियमच्या जागी डिस्प्रोसियम घेतलं. काय-टी १४.५ पासून थंड होताना सतत उतरतो. अँटिफेरो म्हणू?
(संशोधक विद्यार्थिनी, चोपडा)

इतक्यात म्हणू नका, ताई. गॅडोलिनियमचं सोपेपण डिस्प्रोसियममधे नाही. त्याला कक्षीय संवेग आहे, एकूण कोनीय संवेग १५/२ आणि मुक्त आयनाचा काय-टी १४.१७. भोवतालचे ऑक्सिजन-नायट्रोजन त्या सोळा अवस्थांचे आठ जोड्यांत तुकडे करतात. थंड होताना वरच्या जोड्या रिकाम्या होतात आणि काय-टी आपोआप उतरतो, शेजारी तांबं नसलं तरीही. १४.१७ अधिक ०.३७५ म्हणजे १४.५ ही सुरुवात बरोबर आहे, पुढची उतरण कोणाची हे मात्र आलेख सांगत नाही.

यावर उपाय प्रयोगाचा आहे. त्याच लिगंडचा, त्याच रचनेचा झिंक-डिस्प्रोसियम रेणू बनवा. झिंकला स्पिन नाही, पण जागा तो तांब्यासारखीच व्यापतो. मग तांबं-डिस्प्रोसियमच्या काय-टीतून झिंक-डिस्प्रोसियमचा काय-टी आणि तांब्याचे ०.४ च्या आसपासचे वजा करा. उरलेला वक्र थंड होताना वर गेला तर फेरो, खाली गेला तर अँटिफेरो. दोन्ही स्फटिक एकाच स्पेस ग्रुपचे आहेत का आणि डिस्प्रोसियमभोवतीची बंधलांबी जुळते का ते आधी पाहा. नाहीतर वजाबाकीला अर्थ नाही.

आकडा काढायचा झाला तर सममिती नसलेल्या जागेवर स्फटिकक्षेत्राचे २७ प्राचल लागतात. पुडीच्या एका मऊ वक्रावर २७ प्राचल बसवणं म्हणजे आलेख रंगवणं. ते मोल्कास किंवा ऑर्का यांसारख्या प्रोग्रॅममधून काढून आणा, गोठवून ठेवा आणि फक्त जे मोकळा सोडा. चुंबकन १० वर न जाता डिस्प्रोसियममागे ५ च्या आसपास थांबलं तर घाबरू नका. पूर्ण एकअक्षीय आयनाच्या पुडीची सरासरी निम्मीच येते.

प्रश्न : खोलीच्या तापमानाला चुंबक राहणारा दोन धातूंचा पदार्थ आहे का? त्याला हेच मॉडेल चालेल?
(वाचक, शहादा)

आहे. १९९५ साली फेर्ले, वेर्दागे आणि सहकाऱ्यांनी व्हॅनेडियम-क्रोमियमचा प्रशियन ब्लूच्या वळणाचा पदार्थ केला, त्याचं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर चुंबकपण जातं ते) ३१५ केल्विन. म्हणजे ४२ अंश सेल्सियस. शहाद्याच्या मे महिन्यातल्या दुपारी तो चुंबकपण गमावेल. पण तो सुटा रेणू नाही, सायनाइडच्या पुलांनी तिन्ही दिशांना पसरलेलं जाळं आहे. त्याला दोन-तीन अणूंचा हिशेब लावता येत नाही. मीन-फील्ड पद्धत (शेजाऱ्यांचा परिणाम एका सरासरी क्षेत्रानं दाखवणारी) सुरुवातीला चालते, मात्र ती क्रांतिक तापमान खऱ्यापेक्षा जास्त दाखवते.

प्रश्न : सात क्रोमियम आणि एक निकेल असलेल्या कड्याचं गणित लॅपटॉपवर घातलं तर तो अडकून बसतो. मोठा संगणक घ्यावा लागेल?
(संशोधक विद्यार्थी, जळगाव)

बहुधा नाही. क्रोमियम(३) च्या अवस्था ४, निकेलच्या ३. चारचा सातवा घात गुणिले ३ म्हणजे ४९,१५२ अवस्था. त्याचा चौरस मॅट्रिक्स दुहेरी अचूकतेत १९ गिगाबाइटच्या वर जातो. ८ गिगाबाइटचा लॅपटॉप अडकणारच.

कपलिंग समदिक (सर्व दिशांना सारखं) असेल आणि सगळ्यांचा जी एकच धरला असेल तर एकूण स्पिनचा उभा घटक बदलत नाही. त्याच्या किमतीनुसार मॅट्रिक्सचे तुकडे पाडा. सर्वांत मोठा तुकडा सहा हजारांच्या थोडा वर, म्हणजे तीनशेएक मेगाबाइट. तो लॅपटॉपवर सुटतो. फक्त खालच्या पातळ्या हव्या असतील तर लान्चोस पद्धत आणखी हलकी. गणित रात्रभर चालणार असेल तर प्रत्येक तुकड्याच्या पातळ्या तयार होताच फाइलमधे लिहायला लावा. पहाटे वीज गेली तर उरलेल्या तुकड्यांपासून पुढं सुरू करता येतं.

उत्तर तपासायला कागद पुरतो. शेजारी एकमेकांना उलट, म्हणजे चार वर, चार खाली. वरचे चार क्रोमियम ६, खालचे तीन क्रोमियम आणि निकेल मिळून ५.५. तळाचं स्पिन १/२ यायलाच हवं. क्रोमियम-क्रोमियम आणि क्रोमियम-निकेल असे दोन जे शेवटी वेगळे ठेवायचे आहेत, पण पहिली फेरी दोन्ही समान धरून करा. त्या फेरीत तळाला १/२ आलं नाही तर इनपुट फाइलमधे जेचं चिन्ह उलटं गेलंय का ते आधी बघा. कड्याचं शेवटचं बंधन, आठवा अणू ते पहिला, लिहायचं राहिलं तरी तळाला १/२ च येतं, म्हणून ते वेगळं तपासा.